पाठमोरी मावशी

“बूट कुणाचे, तेवढं सांगा. बाकीचं पुराण नंतर.”

“अगं, कितीदा सांगू? कुणीतरी बसमध्ये विसरलं असेल. दिवसभर पोरं चढतात, उतरतात. छत्र्या विसरतात, डबे विसरतात, वह्या विसरतात.”

“आणि बूट विसरून अनवाणी वर्गात जातात?”

नवरा विद्यापीठाच्या आवारात फिरणारी बस चालवायचा. भल्याभल्या वळणांवरून गाडी काढणारा माणूस स्वतःच्या स्वयंपाकघरात असा अडकून पडला.

“आधी ते ध्यान ओट्यावरून खाली घे,” सासूबाई म्हणाल्या. “गॅसशेजारी बूट ठेवायची कुठली रीत?”

“तुम्हाला माहीत आहेत कुणाचे ते, आई?”

“मला काय करायचंय?” म्हणत सासूबाईंनी चाळलेलेच तांदूळ परत चाळायला घेतले.

तेवढ्यावरच तिला कळलं. सासूबाईंना जे माहीत नसतं त्याची चौकशी त्या चार वेळा करतात. हात झटकले की समजायचं, त्यांना ठाऊक आहे.

बूट कॅनव्हासचे, राखाडी, टाचेला मळलेले. डाव्या बुटाची नाडी पांढरी होती आणि उजव्याची हिरवी. ती नाडी नव्हतीच. ती कामाला होती त्या समुपदेशन केंद्राच्या पडद्याची दोरी होती, तिनंच कापून तिनंच ओवलेली. दुपारी नवरा डबा बसमध्ये विसरून आला म्हणून ती गॅरेजपर्यंत गेली, ड्रायव्हरच्या सीटखाली हात घातला, आणि डब्याच्या आधी हे हाताला लागलं.

दाराच्या चौकटीला टेकून लेक उभी होती. कॉलेजातून येऊन तिनं अजून खांद्यावरची पिशवीही उतरवली नव्हती.

“माझे आहेत,” ती म्हणाली. “बाबांना बोलू नकोस.”

---

या बाईला आवारात सगळे मावशी म्हणत. पोरांनी मात्र तिचं आणखी एक नाव पाडलं होतं, पाठमोरी मावशी.

त्यालाही कारण होतं. ती आधी विद्यापीठाच्या दवाखान्यात झाडलोट करायची. मग दवाखान्याच्या मागच्या दोन खोल्यांत पोरांसाठी समुपदेशन केंद्र निघालं. आतल्या खोलीत मॅडम बसायच्या, बाहेरच्या खोलीत मावशीची खुर्ची, पाण्याचा माठ आणि एक बाक. भिंतीवर छान छान चित्रं लावली, फलक लागला, आणि कुणी म्हणजे कुणी येईना. ग्रंथालयात पोरं मावत नव्हती, खाणावळीत रांगा, आणि इथे माशा मारायची वेळ. पोरं दारापर्यंत यायची, मावशीशी नजरानजर व्हायची आणि पोरं दवाखान्यात शिरून डोकेदुखीची गोळी मागून परत जायची.

एक दिवस मावशीनं खुर्ची उचलली आणि खिडकीकडे तोंड करून ठेवली. दाराकडे पाठ. आलेल्यानं यावं, बाकावर बसावं, आत जावं, डोळे पुसत बाहेर पडावं. तिनं मान वळवायची नाही. हळूहळू पोरं यायला लागली. मॅडमनं एकदा चहा पाजून तिचं कौतुक केलं तेव्हा ती म्हणाली होती, “त्यात काय मोठंसं? पाठच तर फिरवायची.”

आतल्या खोलीत गालिचा होता, म्हणून चपला-बूट बाहेर काढावे लागत. पोर आत गेलं की मावशी उठायची आणि जोडे नीट लावून ठेवायची, निघताना चटकन पायात सरकवता यावेत असे. आलेल्यांची ओळख तिला एवढीच. लाल पट्ट्यांची सँडल, पुढून फाटलेले खेळाचे बूट, कडक इस्त्रीचा माणूस घालतो तसे काळे चामडी. चेहरे तिनं कधी पाहिले नाहीत, आणि दारातून येणाऱ्या शब्दांना कधी कान दिला नाही. ती खिडकीबाहेरच्या सायकली बघत बसायची.

घरी आली की जेवताना सासूबाई विचारायच्या, “आज कोणाचे बूट?” टीव्हीवरच्या मालिकेइतकी गोडी त्यांना त्यात वाटायची. मावशी सांगायची, “लाल सँडल आज हसत गेली बहुतेक. पावलं हलकी वाजली.” यापलीकडे काही नाही. तेवढं सांगण्यात कुणाचं काही उघडं पडत नव्हतं.

मग ते कॅनव्हासचे बूट येऊ लागले. त्या बुटांनी तिला लळा लावला. मापानं मोठे होते, आत पुढच्या बाजूला कापूस कोंबलेला. एका बुटाची नाडी तुटून गाठी मारमारून संपत आलेली. मावशीनं पडद्याची दोरी कापली ती तेव्हा. एकदा बूट ओले होते, तर तिनं ते खिडकीत उन्हाला ठेवले आणि पोर बाहेर यायच्या आत परत जागेवर आणले.

आणि घरी येऊन ती जेवता जेवता म्हणाली होती, “कुणाचं पोर आहे देव जाणे. दुसऱ्याचे बूट घालून फिरतं. त्याच्या आईला दिसत नसेल का गं?”

नवऱ्याला तेव्हा ठसका लागला होता. लेक हात धुवायला उठली होती. आणि सासूबाई भातावर आमटी ओतून घेत शांतपणे म्हणाल्या होत्या, “असतात एकेक आया.”

---

ते सगळं आता तिला एकदम आठवलं.

“मी तुमच्यापुढे बसून सांगत होते,” ती म्हणाली. “नाडी बदलली, बूट वाळवले, सगळं सांगत होते. आणि तुम्ही तिघं ताटात मान घालून जेवत होतात.”

“अगं, तुझ्या भल्यासाठीच...” नवरा म्हणाला.

“माझं भलं तुमच्या सीटखाली ठेवलं होतं होय?”

“ऐकून तर घे. तू माहेरी गेली होतीस ना, भावाच्या आजारपणात, तेव्हाची गोष्ट. परीक्षा चालू होती. शेवटच्या थांब्यावर सगळे उतरले आणि ही मागच्या सीटवर तशीच. हात बर्फासारखे. म्हणाली, बाबा, काल पेपर कोरा दिला. सगळं येत होतं, हातच उचलेना. मी काय करणार? मी तिला उचलून तुझ्या मॅडमकडे नेलं. आपल्या आवारात तेवढी एकच जागा आहे.”

“आणि मी परत आल्यावर?”

नवऱ्यानं आईकडे पाहिलं. सासूबाईंनी तांदळाकडे.

“परत आल्यावर काय, नवे बूट आणले?”

“नवे नाहीत,” नवरा घाईनं म्हणाला. “गॅरेजमधल्या एका पोराचे जुने होते. तू तिची चप्पल ओळखली असतीस ना, म्हणून ती बसमध्येच बदलायची.”

जणू बूट जुने होते म्हणून गुन्हा निम्मा झाला. मावशीला हसू येता येता राहिलं.

“हात उचलेना, हे तू मला नाही सांगितलंस,” ती लेकीला म्हणाली. “बाबांना सांगितलंस. आजीला सांगितलंस. त्या परक्या बाईला दर आठवड्याला सांगतेस. मी काय तुझी सावत्र आई?”

“आजीला मी नाही सांगितलं. तिनं ऐकलं.”

“मी मुद्दाम नाही ऐकलं,” सासूबाई म्हणाल्या. “मी आत अंघोळ करत होते, न्हाणीघराचं दार पातळ आहे.”

“तू तिथे बसतेस, आई,” लेक म्हणाली. “दुसरीकडे कुठे असतीस तर सांगितलं असतं.”

“मी बसते, पण पाठ करून बसते. अख्खं आवार सांगेल. मी आजवर कुणाला कान लावलाय?”

“दुसऱ्या कुणाला नाही लावलास. मला लावला असतास.”

मावशीनं ओट्यावरचे बूट उचलले, लेकीच्या पायाशी ठेवले आणि भाजी चिरायला बसली. त्या संध्याकाळी घरात कुणी टीव्ही लावला नाही.

---

दुसऱ्या दिवशी मॅडम येऊन पर्स ठेवतात न ठेवतात तोच मावशी आत गेली. चपला काढायलाही विसरली.

“मॅडम, माझी पोर तुमच्याकडे येते.”

मॅडमनं चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“रोज माझ्या हातचा चहा घेता तुम्ही. माझ्या भावाची तब्येत विचारता. आणि माझीच पोर माझ्या पाठीमागून आत घ्यायची, आणि मला ताकास तूर लागू द्यायची नाही?”

“मावशी, मला दुसरं काहीही विचारा.”

“काय सांगते ती? माझ्याबद्दल सांगते?”

“हे मी कुणाचंच कुणाला सांगत नाही. तुम्हाला माहीत आहे. तुमच्याइतकं ते कुणाला माहीत असणार?”

“मी काही कुणी परकी नव्हे. मी आई आहे तिची.”

“म्हणूनच तर,” मॅडम हळूच म्हणाल्या. जरा थांबून पुढे बोलल्या, “तुम्हाला कळलंय, हे आता तिलाही माहीत असेल. ती यायची थांबली तर मात्र वाईट होईल. एवढंच सांगते. खरं तर एवढंही सांगायला नको होतं मी.”

मावशी बाहेर आली. माठ भरला, बाक पुसला, खिडकीकडे तोंड करून बसली. थोड्या वेळानं कुणीतरी आलं, पावलं आत गेली, दार लागलं. तिनं उठून जोडे लावले. पुढून फाटलेले खेळाचे बूट. ती परत खुर्चीत बसली.

आणि तिच्या लक्षात आलं की ती ऐकतेय.

सायकली दिसत होत्या, पण डोळ्यांत शिरत नव्हत्या. मान तशीच खिडकीकडे, आणि सगळा जीव मागच्या दाराशी. आतून तुटक शब्द येत होते. “घरी सांगितलं तर”... मग काही नाही... मग “आई”. कुणाच्या तरी मुलाचा आवाज, कुणाची तरी आई. तरी तिचे कान त्या दारावरून हटेनात. तिनं पदरानं कान झाकले, माठातलं पाणी उगाच ओतून परत भरलं. पाण्याच्या आवाजातही ती दोन शब्दांच्या मधली जागा शोधत राहिली.

ते पोर डोळे पुसत बाहेर आलं तेव्हा मावशीनं मान वळवली. पुरती वळवली. सडपातळ मुलगा होता, ओठांवर नुकती मिसरूड. त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि नाडी न बांधताच धावत सुटला.

तिघांनी मिळून तिच्यापासून पोरीचं दुखणं लपवलं, ते एक वेळ तिनं गिळलं असतं. पण या खुर्चीत बसायला तिला येत होतं, उभ्या आयुष्यात तेवढी एकच गोष्ट तिला इतरांपेक्षा बरी येत होती, आणि ती त्यांनी कालच्या एका संध्याकाळीत घालवली.

जेवणाच्या सुट्टीत ती डबा न उघडताच नेमणुका-बदल्या बघणाऱ्या आस्थापनेच्या कचेरीत गेली.

---

रात्रीचं जेवण आटोपत आलं तेव्हा तिनं सगळ्यांची ताटं गोळा करून बाजूला ठेवली आणि परत पाटावर बसली. लेकीनं दिवसभरात तिच्याशी एक वाक्य बोलून पाहिलं होतं, “मी आता जाणार नाही तिकडे, आई, बंद करते.”

“मुलींच्या वसतिगृहात मदतनिसाची जागा रिकामी आहे,” ती म्हणाली. “तिथेच राहायचं असतं. खोली देतात. मी ती घेतली.”

“म्हणजे?” नवरा म्हणाला. “घर?”

“आठवड्यातून एकदा येईन.”

“अगं, आवारातल्या आवारात कुणी घर सोडून राहतं का?” सासूबाई म्हणाल्या. “लोक काय म्हणतील? आणि स्वयंपाक कोण करणार?”

“तुम्ही तिघं. तुमचं तिघांचं बरं जमतं.”

लेक रडायला लागली. “आई, माझ्यामुळे नको ना. मी सांगितलं ना, मी जाणार नाही.”

“तू जायचं,” मावशी म्हणाली. तिनं लेकीकडे बघितलं नाही. “खुर्चीवर दुसरी बाई येईल. तू स्वतःची चप्पल घालून जायचं. मी सोमवारी सकाळी निघते.”