मामाजींचा उजवा पाय

मामाजींची बस गोंदियाहून सुटली की आमच्या फाट्यावर केव्हा पोचेल, हे कोणी सांगू शकत नसे. पोचेल, एवढं मात्र सगळे खात्रीने सांगत. मामाजी म्हणजे माझे सासरे. उभं आयुष्य एसटीत ड्रायव्हर म्हणून गेलं, आणि सगळ्या गोरेगाव तालुक्यात सर्वांत हळू गाडी चालवणारा माणूस अशी त्यांची ख्याती. कोंबडी आडवी आली तर ते बस थांबवत आणि ती पलीकडे गेल्यावरही, तिच्या मागून दुसरी येते का म्हणून थोडं थांबत. कॉलेजची पोरं मागून ओरडत, "बाबा, उतरून धक्का देऊ का?" मामाजी आरशात बघून म्हणत, "बसा रे चूपचाप. रस्ता कोनाच्या बापाचा नाही. आपन त्याचे पावने आहो."

एकदा आमगावकडे निघालेलं अर्धं वऱ्हाड त्यांच्या बसमध्ये होतं. मुहूर्त टळायला आला, नवरदेवाचा मामा ड्रायव्हरच्या जाळीशी येऊन हात जोडू लागला, मग शिव्या देऊ लागला. मामाजींनी काटा वर जाऊ दिला नाही. वऱ्हाड पोचलं तेव्हा भटजी जेवून सुपारी कातरत बसले होते. ही गोष्ट सासूबाई आल्यागेल्याला सांगत आणि शेवटी म्हणत, "याईचा जीव चिमनीएवढा. लगन झालं तवापासून पाहून राहिली मी." मामाजी त्यावर कधी काही बोलले नाहीत. निवृत्तीनंतर त्यांनी एक जुनी मोपेड घेतली, तर गावातली कुत्रीसुद्धा तिच्यामागे धावेनाशी झाली.

दुसऱ्याच्या गाडीत पुढच्या सीटवर बसायला ते तयार नसत. बसावंच लागलं तर सगळ्या वाटेत त्यांचा उजवा पाय खाली दाबलेला असे, इतका की उतरल्यावर पोटरी चोळावी लागे. ब्रेक दाबतात बिचारे, असं मी समजत होते.

मी नागपूरची. वडिलांनी मला अठराव्या वर्षीच गाडी शिकवली होती आणि गाडी हा माझा जीव की प्राण. लग्न होऊन इकडे आले, गोरेगावच्या शाळेत शिकवू लागले, तरी गाड्यांची मासिकं काही सुटली नाहीत. दोन हजार दहाच्या आसपासची गोष्ट. गोंदियाच्या शोरूममध्ये एक नवी गाडी आल्याचं कळलं. दिसायला चारचौघींसारखी छोटीशी, पण पोटात मोठ्या गाडीचं इंजिन. मासिकवाले तिला 'हॉट हॅच' म्हणत. आमचे हे नागपूरला बँकेत, शनिवारी यायचे. त्यांना गाडीचं काडीचं वेड नाही. म्हणाले, "घ्यायची तर घे, पण बाबांना सोबत नेऊन दाखव." मला कळलं. मला आवरायला त्यांनी घरातला सगळ्यात पक्का ब्रेक लावला होता.

दिवाळी होऊन गेली होती. शोरूममधला सेल्समन पस्तिशीचा, बोलका माणूस. लाल रंगाची गाडी दारातच उभी होती. मामाजींनी तिच्याभोवती एक चक्कर मारली, टायरला हात लावला आणि म्हणाले, "लहानशीच तं आहे." मग स्वतःच मागे जाऊन बसले. सेल्समन माझ्या शेजारी.

शहराबाहेर पडेपर्यंत मी तिला नीट जोखलं. सीट अंगाला अशी धरून ठेवते की वळणावर माणूस जागचा हलत नाही. स्टिअरिंग जरा जड, पण सांगितलं तेवढंच ऐकणारं. खड्ड्यातून गेली की मात्र कंबरेला कळतं. डिकीत धानाचं एक पोतं मावायची मारामार, आणि मामाजींचे गुडघे जवळजवळ हनुवटीला लागलेले. घरची गाडी म्हणून विचार केला तर नापासच. पण मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये जरा पाय दाबला, तर ती अशी उसळली की मी मोठ्याने हसले. मागून आवाज आला, "बाई, हळू."

एका पुलाच्या अलीकडे मी गाडी बाजूला घेतली. सेल्समन मागे वळून म्हणाला, "अंकलजी, एक बार आप भी चलाके देखो. इतने साल बस चलाए हो, ये तो खिलौना है."

"नाही. मले कायले?"

"देखने में क्या जाता है, अंकलजी?"

मामाजी खूप वेळ त्या स्टिअरिंगकडे बघत राहिले. मग उतरले, पुढे आले. मी मागे गेले. त्यांनी सीट पुढे घेतली, आरसे लावले, गिअर एकेक करून हाताखालून घातले. निघाले तेव्हा सायकलवाला आम्हाला मागे टाकून गेला. सेल्समन माझ्याकडे बघून हळूच हसला. एक फाटा गेला, दुसरा गेला. पुढे रस्ता सरळ आणि रिकामा होता, दोन्हीकडे कापणी झालेल्या धानाच्या बांध्या.

"हे किती पयते?" मामाजींनी विचारलं.

"वो तो आपके पैर पे है, अंकलजी."

आणि मामाजींनी पाय दाबला.

मी सीटला मागे फेकली गेले. पहिल्यांदा वाटलं, त्यांचा पाय चुकला, ब्रेकऐवजी हा दाबला गेला. पण गिअर पडत होते, एकामागून एक, लोण्यात सुरी जावी तसे. झाडं दिसेनाशी झाली. सेल्समनने वरची कडी दोन्ही हातांनी धरली. "अंकलजी, बस, बस हो गया!" मी "मामाजी!" म्हणून ओरडले आणि आरशात मला त्यांचा चेहरा दिसला. मामाजी हसत होते. तोंडभर, सगळे दात दिसतील असे. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण तो चेहरा मी कधी पाहिला नव्हता. आमचं ओरडणं त्यांना ऐकूच येत नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला. तो गाडीच्या वेगाने नव्हता आला.

वळण घेतलं आणि समोर अर्ध्या रस्त्यावर धान वाळत घातलेलं. त्यात एक बाई पायाने धान परतवत चाललेली, पाठमोरी.

मामाजींनी ब्रेक दाबला. धानावर चाकं घसरली. टिनावर गारा पडाव्या तसा खालून आवाज झाला. गाडी तिरपी होत गेली, मी डोळे मिटले. उघडले तेव्हा गाडी उभी होती आणि बाई बॉनेटपासून हातभर अंतरावर. तिच्या हातातला पदर हातातच राहिला होता.

मग ती भानावर आली आणि तरातरा खिडकीशी आली. "काऊन रे मुडद्या, डोरे फुटले का तुहे? जीव घेतला असता ना माहा..." आणि थांबली. वाकून तिने आत पाहिलं.

"डायवरभाऊ?" ती म्हणाली. "तुमी?"

मामाजींचे हात अजून स्टिअरिंगवर होते.

"मले वाटलं कोनी पोट्टा असंन," ती म्हणाली. तिचा राग कुठल्या कुठे गेला होता आणि चेहऱ्यावर नुसता धक्का उरला होता. "भाऊ, मी तं दोनी बारंतपनाले तुमच्याच बशीत गेली. माही माय म्हने, डायवरभाऊची बस येऊ दे, मंगच निंग. आन् तुमी?"

मामाजी उतरले. रस्त्याच्या कडेला उकिडवे बसून नालीत उडालेलं धान ओंजळीने गोळा करू लागले. ती म्हणाली, "राहू द्या भाऊ." त्यांनी ऐकलं नाही. मीही त्यांच्या शेजारी बसले. सेल्समन गाडीला टेकून उभा होता. परत शोरूमपर्यंत गाडी मी चालवली.

घरी मी काही सांगितलं नाही. मामाजी त्या संध्याकाळी जेवले नाहीत. सासूबाईंना वाटलं, गाडीत बसून पोट ढवळलं असेल.

सकाळी मी शाळेला निघाले तर ते अंगणात बसले होते. "बस थोडी," म्हणाले. मी बसले.

"लोक म्हनतेत, मी भेतो. तुही सासूबी म्हनते. खरं आहे. पन मले गाडीचं भेव नव्हतं, बाई. माहंच भेव होतं."

मी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

"नवीन नोकरी लागली तवाची गोष्ट. ट्रेनिंगच्या मैदानात रिकामी गाडी देली. पाय दाबला, आन् असं वाटलं का आता काढूच नाही. मास्तर बोंबलून राहिला, मले आयकूच नाही आलं. त्या दिवशी समजलं, हे आपल्यात आहे. मंग तवापासून पायाले धरून ठेवलं. एक डाव सोडलं असतं तं पुन्हा धरता आलं नसतं." त्यांनी उजव्या गुडघ्यावर हात ठेवला. "मांगं साठ मानसं बसून राहत होती."

आम्ही इतकी वर्षं ज्याला चिमणीचा जीव म्हणत होतो, ते हे होतं.  आणि जे बोलायला नको तेच मी बोलून गेले. "मग गाडी नको घ्यायला, मामाजी?"

"काऊन नको? घे. लय भारी गाडी आहे. तू चालवून राहिली होती तवा मी पाहून राहिलो होतो. तू हसते, पन तुले मांगून हाक मारली का आयकू येते. ज्याले आयकू येते त्यानं घ्यावं."

मोपेडची किल्ली त्यांनी त्याच दिवशी गावातल्या एका माणसाला देऊन टाकली. पुन्हा कुठलंही वाहन चालवलं नाही. बाजारालाही पायी जात. सासूबाई म्हणत, "आता तं मोपेडलेबी भेऊन राहिले." मामाजी पानाला चुना लावत. सासूबाईंना खरं सांगावं असं मला अनेकदा वाटलं. पण सांगायचं असतं तर मामाजींनी स्वतःच सांगितलं असतं.

लाल गाडी घरी आली. मामाजी तिच्यात मागेच बसत, गुडघे हनुवटीशी घेऊन, तक्रार न करता. असं चार-पाच वर्षं चाललं. मग त्यांना पोटाचं दुखणं जडलं. गोंदियाच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की आता घरीच ठेवा, त्यांना आवडेल ते खाऊ द्या. त्या दिवशी गाडीकडे येताना मामाजी आपण होऊन पुढच्या दारापाशी थांबले. मी दार उघडलं. त्यांना काय कळलं होतं आणि किती, मी विचारलं नाही.

शहर मागे पडलं. दुपारची वेळ, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

"बाई," ते म्हणाले, "दाब."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते समोर बघत होते. मी तिसऱ्यात घेतली आणि पाय दाबला. गाडी उसळली. काटा चढत गेला. मी पुन्हा एकदा चोरून पाहिलं, तर त्यांचा पाय सैल होता, नुसता ठेवलेला. डोळे मिटलेले होते. मला रडू येत होतं आणि समोरचा रस्ता दिसायला हवा होता.

"पुरे," ते म्हणाले.

मी लगेच पाय काढला. गाडी हळू झाली. मग एकेक फाटा येऊ लागला तसे ते बोलू लागले. इथून एक मास्तर चढायचे, त्यांना खिडकीच लागायची. इथे एक आजी सुटे नाहीत म्हणून रोज कंडक्टरशी भांडायची. इथे एक पोरगी धावत यायची, तिच्यासाठी थांबावंच लागायचं. आता मोठी डॉक्टरीण आहे म्हणतात. पंधरा दिवसांनी मामाजी गेले; इतकं सलग बोलताना मी त्यांना त्याआधी किंवा त्यानंतर कधी ऐकलं नाही.

आमचा फाटा आला तेव्हा ते अजून सांगतच होते. मी गाडी वळवली नाही. हळूहळू तशीच पुढे नेली.