झोपा बाई, मीच आहो

काठीच्या आकड्याने जास्वंदीची फांदी खाली ओढायची, फुलं पदरात घ्यायची आणि फांदी सोडताना म्हणायचं, "एक झाडाले ठेवलं, बाई!" मी समोर असो वा नसो. मुलांनो, सुट्टीत माझ्याकडे नेरला यायचात तेव्हा तुम्ही त्यांना फुलवाली आजी म्हणायचात. फुलं त्यांनी कधी विकली नाहीत. मागच्या गल्लीत मुलगा-सुनेसोबत राहायच्या, मूळच्या फुलसावंगीच्या. देवघरात देव इतके, की आमची दोन झाडं कशीबशी पुरत.

आपल्याकडे पहाटे फुलं नेणाऱ्याला कोणी हटकत नाही आणि नेणारा विचारत नाही. तो विषयच काढायचा नसतो. दुपारी त्या माझ्याकडे चहाला बसायच्या, तेव्हाही फुलांचं नाव निघत नसे. एकदा तुमच्या बाबाने मात्र थट्टा केली, "आजी, बगीचा रिकामा करता तुम्ही!"

"देवाचंच देवाले नेऊन राह्यली ना रे. तुले काहून पोटात दुखते?"

तुमचे आजोबा गेल्यावर मी एकटी राहिले, म्हणून बाबाने फाटकावर कॅमेरा लावला. त्याच्याकडे पाहून आजींनी पदर डोक्यावर घेतला. "फोटो चांगला काढजो रे बापा!" पुढे बाबा तुमच्याकडे शहरात परत गेला आणि तिथून फोनवर बघताना त्याला पहाटेचं चित्र सगळं काळंच दिसू लागलं. मग त्याने तिथूनच फोनवर कॅमेरा आणि अंगणातला दिवा एकमेकांना जोडून दिले. कॅमेऱ्याला हालचाल दिसली की दिवा लागायचा. मांजर आलं की दिवा, फांदी हलली की दिवा. मी तक्रार केल्यावर त्याने तो फक्त माणसापुरता ठेवला. पहाटे येणारं माणूस एकच होतं.

दुसऱ्याच दिवशी खिडकीबाहेर लख्ख उजेड पडला आणि आवाज आला, "झोपा बाई, झोपा. मीच आहो."

मला वाटलं, आजी कॅमेऱ्याची गंमत करताहेत. मी कूस बदलली. मग रोजच ते ऐकू येऊ लागलं आणि पांघरुणात मला रोज हसू येई. त्याच दिवसांत त्या दुपारी येताना निर्गुडीचा पाला आणू लागल्या. "गरम करून बांधा गुडघ्याले. अन् उगाच उठबस करू नका." मी हो म्हणायचे.

आणि एक दिवस उजेड पडलाच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. जास्वंदीची फुलं संध्याकाळी झाडावरच मिटू लागली. दुपारचं येणं मात्र सुरू होतं. कपाशीचा भाव, सुनेची नोकरी, सगळं बोलायचो. मला वाटे, कॅमेऱ्याचा त्यांना अपमान वाटला असणार. पण विचारायचं कसं? "फुलं न्यायला का येत नाही?" म्हटलं असतं, तर इतक्या वर्षांची चोरी त्यांच्या पदरात घातल्यासारखं झालं असतं. मी विचारलं नाही. थंडीत त्या मारेगावला लेकीकडे गेल्या आणि तिथेच वारल्या.

गोडजेवणाचं आमंत्रण द्यायला सून आली. बसली आणि आपणहून बोलू लागली.

"आई म्हणे, बाईचा गुडघा एवढा दुखते, अन् माह्या चार फुलांपायी रोज उठून लाईट लावते. कितीदा झोपा म्हटलं, आयकतच नाही. म्हणून येणंच बंद केलं त्यायनं. मग देवाले नुसते तांदूळ वाहे."

तिने माझा हात धरला.

"लय नाव काढे तुमचं. म्हणे, इतक्या पहाटे आपल्यासाठी उठणारं दुसरं कोण हाय मले?"

मुलांनो, त्या प्रत्येक पहाटे मी पांघरुणात होते. तिला तसं सांगायला मी तोंड उघडलं आणि म्हटलं, "चहा घेशील ना?"