तिथीची पाऊणपट

हिरामणची सून वैशाली शाळेत शिकवते आणि तिला जुन्या काळाबद्दल प्रश्न फार. साबण नव्हता तेव्हा केस कशानं धुवायचे? पावसात काडेपेटी कोरडी कशी राहायची? रामवाडीच्या दोन खोल्यांत म्हातारा उत्तरं देताना खुलायचा. सगळा जन्म मिठागरात गेलेला. त्याला कोण कशाला काय विचारणार होतं?

एकदा तिनं विचारलं, "बाबा, घड्याळ नव्हतं तर भरतीची वेळ कशी कळायची?"

"तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीन वाजता पाणी भरतं, अष्टमीला सहाला. त्याच्या सहा तास आधी ओहोटी संपते."

"आणि माणूस मरायला टेकलं तर? डॉक्टर तर नव्हता."

हिरामणचा चेहरा उतरला. "हात धरून बसायचं. आमच्यात माणूस ओहोटीत जातं, गो. पाणी फिरेपर्यंत हात सोडायचा नाय. बापाला मी अकरा ओहोट्या धरून ठेवला. बाराव्या टायमाला मला डुलकी लागली."

वैशाली हसली. हे उत्तर तिनं वहीत लिहिलं नाही.

मार्गशीर्षात त्याची बायको विमलबाई अंथरुणाला खिळली. डॉक्टरांनी हात टेकले, घरी न्या म्हणाले. हिरामण तिचा हात धरून बसला. रामवाडीतून खाडी दिसत नाही, म्हणून अमावास्येपासूनचे दिवस बोटांवर मोजायचा. भरतीत विमलबाई पेज मागायची, सुनेची थट्टाही करायची. ओहोटी लागली की तिची बोटं गार पडत आणि ती पुटपुटे, "पायाखालचा चिखल सरकतोय." वैशालीनं तिचे तळवे पुसले. फडकं वाळल्यावर त्यावर मिठाची पांढरी रेघ होती. त्यानंतर वैशाली हसली नाही.

चौथ्या सकाळी हिरामणनं पुन्हा बोटं मोजली. आज षष्ठी. भरती साडेचारला, म्हणजे पाणी साडेदहाला फिरणार.

साडेदहा वाजले. श्वास चालू होता. हिरामणचा जीव भांड्यात पडला. "पाणी फिरलं. वाचलीस, गो," तो म्हणाला. बोटं अजून गार होती, पण ऊब यायला वेळ लागतोच, असं त्यानं मनाला समजावलं. हात चादरीवर ठेवून तो अंगणात गेला, तोंड धुतलं, पाठ टेकली.

वैशालीनं हाक मारली तेव्हा अकरा वाजले होते. विमलबाईचा श्वास थांबला होता.

"बाबा, ओहोटी तर संपली होती ना?" तिनं रडत विचारलं. तो पुन्हा बोटं मोजू लागला. मग तिचीच नजर भिंतीवरच्या कॅलेंडरवर गेली. "आज सप्तमी आहे, बाबा. काल पंचमी होती. षष्ठीचा क्षय झालाय."

सप्तमीची पाऊणपट सव्वापाच. पाणी सव्वाअकराला फिरणार होतं. त्यानं हात पाऊण तास आधी सोडला होता.

अजून दहा मिनिटं होती. हिरामण आत धावला आणि त्यानं तिचा हात दोन्ही हातांनी घट्ट धरला.

सव्वाअकराला ती गार बोटं त्याच्या हातावर एकदा मिटली, हे वैशालीनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. विमलबाईचे डोळे मात्र उघडले नाहीत.