बांबूवरचं फडकं

पंपहाऊसात मला पाण्याची भीती वाटली नाही, विजेची थोडी वाटली, वायरलेसची फार. नव्वद सालानंतरचे ते दिवस. उजनी धरणाच्या फुगवट्याचं पाणी उचलून माळावर टाकायची योजना होती. मोटारी पळसदेवकडे, ऑफिस बारामतीला. भिंतीवरच्या काळ्या पेटीतून साहेबांचा आवाज खरखरला की मी हातातलं टाकून उभा राहायचो. बटण दाबून बोलायचं, सोडून ऐकायचं, शेवटी ‘ओव्हर’ म्हणायचं. मी आठवीतून शाळा सोडलेला, वैनगंगेकाठचा. ‘मोटर चालू करून राहिलो, साहेब,’ म्हटलं की दुसऱ्या पंपावरचं कुणीतरी हसायचंच, ‘करून ऱ्हा, पण ओव्हर म्हण की लेका!’

तात्या पंपावर माझे वरचे. आमची खोदकामाची टोळी मला तापात टाकून पुढं गेली, तेव्हा त्यांनीच मला घरी नेलं, त्यांच्या बायकोच्या, काकूंच्या हातचा मऊ भात घालून उभं केलं आणि पंपावर चिकटवलं. त्यांची खूण जुनी होती. माळावरच्या हौदात गाळ काढायला उतरायचं तर काठावरच्या बांबूला पांढरं फडकं बांधायचं. फडकं वर, म्हणजे माणूस आत. तेव्हा मोटर सुरू केली तर पाइपाच्या तोंडाशी असलेला माणूस वाचायचा नाही.

“आन् वायरलेसवर का नाही सांगत?” मी एकदा विचारलं.

“फडक्याला सेल लागत न्हाईत,” तात्या म्हणाले.

त्या उन्हाळ्यात तात्या सकाळीच हौदात उतरले होते. लाइट नव्हती. दुपारी अचानक आली आणि पाठोपाठ पेटीतून बारामती.

“मोटर का बंद आहे? ओव्हर.”

“साहेब, तात्या सकाळपासून हौदात हायेत. वर फडकं हाय. ओव्हर.”

“सकाळचा उतरलेला माणूस अजून आत असेल का? शेतकरी माझ्या टेबलासमोर बसलेत. फडकं गेलं खड्ड्यात! आत्ता मोटर चालू कर, नाहीतर उद्या एसटीत बस आणि गावाकडं जा. ओव्हर.”

गावाकडं काय होतं? आई गेलेली, भावाच्या घरात मला जागा नव्हती. मी स्टार्टरच्या हिरव्या बटणावर बोट ठेवलं. दुसऱ्या हातात माइक. दारातून माळ दिसत होता, आणि उन्हात पांढरं हलत होतं. बोट आपोआपच दाबलं जाईल असं वाटलं, म्हणून ते मी काढून काखेत धरलं. साहेब कधी ओरडतील याची वाट बघत होतो. पेटी मात्र गप्प. त्या शांततेनं मी आणखीच घाबरलो.

मग माळावर एक उघडाबंब माणूस आला. त्यानं बांबूवरचं पांढरं ओढलं आणि अंगात घातलं.

तात्या! तो त्यांचा सदरा होता. कधीचे बाहेर आले होते. फडकं काढून, धुतलेला सदरा त्याच बांबूवर वाळत घालून बाभळीखाली पडले होते.

मी मोटर सुरू केली आणि तेव्हा लक्षात आलं, माइकचं बटण अजून माझ्या मुठीत आवळलेलं आहे. सोडलं तसा पेटीला आवाज फुटला.

“बटण सोड म्हणून कधीचा ओरडतोय! ऐकलं सगळं. मोटर बघ. ओव्हर.”

मागून दुसऱ्या पंपावरचा आवाज, “हॅलो, देव बोलतोय. तात्या सुखरूप हायेत. ओव्हर.”

म्हणजे बटण दाबलेलं असताना मी मोठ्यानं बोलत होतो, देवालाही हाका मारत होतो. काय काय बोललो, मला आजही सांगता येणार नाही. ‘ऐकलं सगळं’ याचा अर्थही कळेना. उद्याच्या एसटीच्या विचारात संध्याकाळपर्यंत मी माझ्या ट्रंकेकडं बघत बसलो.

तात्या खाली आले. त्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं हसतील. ते सदऱ्याची बटणं लावत-काढत उभे राहिले. मग कधी हात न लावलेला माइक त्यांनी भिंतीवरून काढला, तोंडाशी धरला.

“सायेब, चूक माजी हाय. सदरा माजा. त्या पोराला काडू नगा. काडायचं तर मला काडा. त्येला हितं आमच्याबिगर कोन न्हाय. ओव्हर.”

बटण त्यांनी दाबलंच नव्हतं. मला दिसत होतं. पेटी खरखरत राहिली.

“बघ,” माइक अडकवत तात्या म्हणाले, “गप झाला का न्हाय सायेब?”

मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी दर खरखरीला मी दचकत होतो. बारामतीहून रोजच्यासारखं पाण्याचं विचारलं, एसटीचा विषय कुणी काढला नाही. तात्यांनी ते आपल्या बोलण्याचं फळ मानलं. मीही तसंच मानतो.