गोदाआत्याचा फोटो

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, देवापुढे हात जोडून नाही, ज्यांनी मला कॅमेरा धरायला शिकवलं त्या लखूभाईंनाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही—आणि खरं म्हणजे आता सांगितल्यावाचून राहवत नाही. नऊ वर्षं ही गोष्ट घशाशी अडकून होती. आज सकाळपासून ती सुटायला लागली आहे आणि मला इतकं हलकं वाटतंय, की त्या हलकेपणाचीही जरा लाज वाटते.

पण सुरुवात कुठून करू? फोटोंच्या संख्येपासून करतो. ते सोपं आहे.

लग्नात फोटो किती काढावेत, असं लोक मला नेहमी विचारतात. मी सांगतो, सोळा. त्यात शास्त्र वगैरे काही नाही. माझ्या कॅमेऱ्यात एका रोलवर आठ फोटो निघतात, आणि एका लग्नासाठी दोन रोल हाताला लागले तरी नशीब समजायचं. रोल बोटीने येतात, कधी येतात कधी येत नाहीत. तेव्हा अंतरपाट, कन्यादान, सप्तपदी, व्याही-विहिणी, सगळं त्या सोळांत बसवायचं. आणि मांडवात माणसं किती? दोनशे-अडीचशे! त्यातल्या प्रत्येकाची खात्री असते, की आपला फोटो नसेल तर हे लग्न लागलंच नाही.

यावर लखूभाईंकडे तोड होती. लखूभाई सिंधमधून आलेले. निर्वासितांच्या पाच नंबर कॅम्पात पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी दुकान थाटलं होतं, आणि मी अंबरनाथहून त्यांच्याकडे कामाला जायचो. पहिल्याच लग्नाला निघताना त्यांनी माझ्या दोन्ही खांद्यांना एकेक कॅमेरा अडकवला. एकात रोल, दुसरा रिकामा. म्हणाले, "देखो साईं, बटन सबके लिए है, फिल्म घरवालों के लिए." घरच्यांसाठी भरलेला कॅमेरा, बाकीच्यांसाठी रिकामा. नवऱ्यामुलाच्या मावससासऱ्याचा चुलतभाऊ शेला सावरून समोर उभा राहिला, की रिकामा उचलायचा, एक डोळा मिटायचा, "जरा हसा" म्हणायचं आणि खटका दाबायचा. माणूस खूश! या रिकाम्या कॅमेऱ्याला मी एकादशी म्हणायचो. पुढे कोणी फोटोची चौकशी केलीच, तर ठरलेली उत्तरं होती—तुम्ही हललात, डोळे मिटले, ऊन आडवं आलं. चौकशी करणारे थोडे, आणि आपण हललो हे लोक पटकन मान्य करतात.

मी कबुली देतोय ती याची, असं वाटलं ना तुम्हाला? नाही हो. यात मला कधी पाप वाटलं नाही, आजही वाटत नाही. लोकांना फोटोपेक्षा कोणीतरी आपल्याकडे कॅमेरा रोखला याचंच अप्रूप जास्त असतं. यात मी लबाड आहे, पण हसतखेळत लबाड आहे. मी सांगतोय ते वेगळं आहे. थांबा, येतो तिथे.

अंबरनाथच्या पश्चिमेला आमच्या घरापासून तिसरं घर गोदाआत्याचं. म्हणजे तिच्या भावाचं. गोदाआत्या पंधराव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परत आली ती कायमची. पुढे भावजय बाळंतपणात गेली आणि तिची दहा दिवसांची इंदू आत्याच्या पदरात पडली. इंदूला तिनेच वाढवलं. गाईचं दूध कापसाच्या बोळ्याने पाजलं, रात्री जागवल्या, शाळेत घातलं. मलाही ती घरचाच समजायची. माझी आई आजारी होती तेव्हा महिनाभर मी दोन्ही वेळा तिच्याच हातचं जेवलो आहे. हे मुद्दाम सांगतोय. मी कोणा परक्या बाईशी असा वागलो, अशी तुमची समजूत नको.

इंदूचं लग्न बदलापूरच्या मुलाशी ठरलं. लग्न बदलापुरातच, मुलाच्या घरापुढच्या अंगणात मांडव घालून. फोटो काढणार अर्थात मी. दोन रोल लखूभाईंकडून मिन्नतवारी करून मिळवले. गोदाआत्या महिनाभर रुखवताच्या मागे होती. खोबऱ्याच्या कापांचं तिने आमच्या अंबरनाथचं शिवमंदिर केलं होतं, नंदीसकट. आणि लग्नाच्या दिवशी? लग्नाच्या दिवशी ती मागच्या पडवीत भाजी चिरणाऱ्या बायकांत बसून होती. कोणी तिला तिथे बसवलं नव्हतं. मंगल कार्यात विधवेने पुढे यायचं नाही, हे तिला कोणी सांगायला नको होतं. कन्यादानाला इंदूचे चुलत काका-काकू बसले. मी तो फोटो काढला. छान आला.

जेवणाच्या पंगती उठल्या, तोवर माझे पंधरा झाले होते. एक उरला होता. हे नीट लक्षात घ्या—एक उरला होता. भरलेल्या कॅमेऱ्यात, माझ्या उजव्या खांद्याला.

तेवढ्यात इंदू पडवीतून आत्याला हाताला धरून ओढत आली. आत्या एका हाताने पदर सावरत होती, दुसऱ्याने दाराची चौकट धरत होती. "अगं सोड, लोक काय म्हणतील?" इंदू म्हणाली, "दत्तूदादा, आमच्या दोघींचा एक काढ. बाकी काही नको मला." नवरामुलगा बिचारा भला होता. तोही उठून इंदूच्या शेजारी येऊन उभा राहिला.

मुलाचे बापूकाका माझ्या मागे खुर्चीवर बसले होते. त्या घरात त्यांचा शब्द चालायचा. ते उठलेदेखील नाहीत. माझ्या बाहीला हात लावून हळूच म्हणाले, "फोटोवाले, जोडप्याबरोबर ती नको. आजच्या दिवशी तरी नको. समजलं ना?"

समजलं. मी काय करायला हवं होतं, ते तुम्हालाही कळतंय आणि मलाही तेव्हा कळत होतं. "इंदू म्हणते तर काढतो," एवढं म्हणणं काय अवघड होतं? ते मला मारणार नव्हते, हाकलणार नव्हते. फार तर तोंड वाकडं केलं असतं. काहीच न बोलता फोटो काढला असता, तरी चाललं असतं. पण मी—मी उजवा खांदा सोडून डाव्या खांद्याचा कॅमेरा उचलला. रिकामा. क्षणाचाही विचार केला नाही. हात आपसूक तिकडे गेला.

आणि गोदाआत्या उभी राहिली. जन्मात तिचा एकही फोटो नव्हता. तिने पदर नीट केला, परत नीट केला. मला विचारलं, "हात कुठे ठेवू रे दत्तू?" मी म्हटलं, "इंदूच्या खांद्यावर ठेवा." तिने जपून ठेवला, नव्या शालूची घडी मोडणार नाही अशा बेताने. मी म्हटलं, "हसा." ती हसली. मी खटका दाबला. तिने श्वास रोखून धरला होता. कितीतरी वेळाने तिने विचारलं, "झालं?" मी म्हटलं, "झालं."

बापूकाकांनी माझ्याकडे पाहून नाराजीने मान हलवली. त्यांना एकादशी माहीत नव्हती. त्यांना वाटलं, मी त्यांचं ऐकलं नाही. म्हणजे ज्यांच्यासाठी मी हे केलं, त्यांची मर्जीसुद्धा राखली गेली नाही! पुढे तेच म्हणाले, "बरं, आता रुखवताचा तरी एक काढा." सोळावा फोटो मी रुखवताचा काढला. खोबऱ्याचं मंदिर इतकं स्वच्छ आलं, की नंदीच्या डोळ्यांतले मिरीदाणेही मोजता येतात.

पंधरा दिवसांनी इंदू माहेरी आली तेव्हा मी पाकीट घेऊन गेलो. तिने सगळे फोटो पाहिले, परत पाहिले. "दत्तूदादा, आत्याचा कुठे आहे?" माझं उत्तर तयारच होतं. मी म्हटलं, "तेवढा एकच खराब झाला बघ." हललात म्हणायचं तोंड झालं नाही, एवढीच माझी मर्यादा.

गोदाआत्या स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती रागावली नाही, रडली नाही. इंदूला म्हणाली, "मी सांगत नव्हते? बाकीचे सगळे आले ना चांगले? माझाच तेवढा गेला. माझा पायगुण." आणि मला चहा आणून दिला. मी प्यायलो.

खरं तर मी तेव्हाच बोलायला हवं होतं. कप खाली ठेवून एक वाक्य. पण मी विचार केला—एका फोटोचं काय एवढं? विसरेल. माणूस स्वतःला किती झटकन पटवतो!

ती विसरली नाही. इंदूला मुलगी झाली, तिच्या बारशाला मी मुद्दाम गेलो, आपला आपण, भरलेला रोल घेऊन. आठच्या आठ गोदाआत्याचे काढीन, असं मनाशी ठरवलं होतं. ती पाळण्याजवळ यायलाच तयार नाही. मी हात धरून आणायला गेलो तर म्हणाली, "नको रे बाबा. त्या पोरीचे तरी चांगले येऊ देत." कॅमेरा पिशवीत गेल्यावर ती आली आणि तिने नातीला मांडीवर घेतलं. पुढे पुढे तर इंदूकडे सणावाराला जायचंही तिने सोडलं. इंदू रडायची, भांडायची, तर म्हणायची, "फोटोनेच सांगितलं ना तुला? डोळ्यांनी पाहिलंस की." ज्या मुलीला तिने कापसाच्या बोळ्याने दूध पाजलं, तिच्या दारात दिवाळीला पाऊल टाकायची तिला भीती वाटायची. ती भीती तिची जुनी होती, हे खरं. पण तिला पुरावा मिळाला तो माझ्याकडून.

असं सात वर्षं चाललं. मी तिसऱ्या घरात राहत होतो. सात वर्षांत एक वाक्य बोलायला मला सवड झाली नाही असं म्हणू का?

दोन वर्षांपूर्वी गोदाआत्या गेली. तेराव्यानंतर इंदू माझ्या दुकानात आली. आता माझं स्वतःचं दुकान आहे, अंबरनाथलाच. ती म्हणाली, "दादा, तो फोटो खराब झाला होता ना, त्याची फिल्म तरी असेल. कशीही असू दे. तिच्यात ती आहे ना?"

आता ऐका. सगळ्यात वाईट ते पुढेच आहे. मी आत गेलो. ऊन लागून काळीठिक्कर पडलेल्या फिल्मचे तुकडे माझ्याकडे पडलेले असतात. त्यातला एक कापला आणि तिला आणून दिला. तिने तो दारात जाऊन उजेडाकडे धरला. बराच वेळ पाहिलं. मग एका कोपऱ्यातल्या डागावर बोट ठेवून म्हणाली, "हा तिचा पदर ना?"

मी म्हटलं, "हो."

गेल्या आठवड्यात कामानिमित्त बदलापूरला गेलो होतो, तेव्हा इंदूकडे डोकावलो. तो तुकडा तिने मागे पांढरा कागद लावून, चौकटीत घालून भिंतीवर टांगला आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, ही माझी आत्या. तिची मुलगी आता सात वर्षांची आहे. शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि माझ्यादेखत आईला विचारलं, "आजीमुळे फोटो काळा झाला का गं?" इंदूने खाली पडलेलं दप्तर उचलून खुंटीला अडकवलं. मी उठून चपला घातल्या. घरी आलो आणि मला जेवण गेलं नाही.

आज सकाळी मात्र बसलो आणि पत्र लिहिलं. चार कागद फाडले. पाचव्यावर फार थोडं लिहिलं. बापूकाकांचं नाव घालणार होतो, ते काढून टाकलं. कॅमेरा त्यांनी उचलला नव्हता. क्षमा कर असंही लिहिलं होतं, तेही खोडलं. तिने चौकट उतरवावी की ठेवावी, मला दुकानात येऊन चार शब्द सुनवावेत की तोंडही बघू नये, ते तिचं तिने ठरवावं. पत्र टपालाच्या पेटीत टाकलं, आत पडल्याचा आवाज ऐकला आणि तिथेच उभं राहून मोठा श्वास घेतला. घरी येऊन दोन भाकऱ्या खाल्ल्या. बायको म्हणाली, आज काय विशेष? मी नुसता हसलो. तिलाही सांगणार आहे, संध्याकाळी.

पत्रात लिहिलं ते तुम्हालाही सांगून टाकतो. "इंदू, तुझ्या लग्नात तुझ्या आत्यासमोर मी जो कॅमेरा धरला, त्यात फिल्म नव्हती. मला ते माहीत होतं. भिंतीवरच्या तुकड्यात ती नाही. तिने काहीही खराब केलं नाही. हे मुलीला सांग."