ध्रुवयानातली बाई

बेबाबाईचा राग मालिकेवर नव्हता, मालिका बघून फोनवर बोटं बडवणाऱ्यांवर होता. ‘ध्रुवयान’ छत्तीस-सदतीस वर्षांनी पुन्हा नव्यानं आलं होतं. दर शुक्रवारी एक भाग यायचा, आणि भाग संपला की सून ज्योत्स्ना लोकांनी त्याखाली काय काय लिहिलंय ते मोठ्यानं वाचून दाखवायची. जळगावच्या फ्लॅटमध्ये सोफ्याच्या एका टोकाला सासू पाय वर घेऊन बसलेली, दुसऱ्या टोकाला सून, मध्ये फुटाण्यांची वाटी. लेक ललित ठिबकच्या कंपनीत कामाला, त्याची आठवडाभर फिरती, म्हणून शुक्रवारी घरात या दोघीच असायच्या.

‘एक जण लिहितो, जुन्या ध्रुवयानात पाच पुरुष होते, आता बळंच एक बाई घुसवलीय,’ ज्योत्स्ना वाचत होती. ‘दुसरा म्हणतो, आमच्या लहानपणाचा चुराडा केला. तिसरा म्हणतो...’

‘थांब. पहिला काय म्हणतो?’

ज्योत्स्नानं पुन्हा वाचलं. बेबाबाईनं हातातले फुटाणे वाटीत परत टाकले.

‘घुसवली म्हणे. अगं, बाई होती त्यात, पहिल्या भागापासून होती. यांनी नुसतं नाव बदललंय. आता इरा म्हणतात, तेव्हा चंद्रकला होती. यानाची सगळी यंत्रं तिच्या ताब्यात असायची.’

‘तुम्ही बघायचात आई?’

‘बघितली नाही एकदाही,’ बेबाबाई म्हणाली. ‘पण मला सगळी पाठ आहे.’

आता ही भानगड सांगायला हवी. बेबाबाई लग्न होऊन सातपुड्याच्या पायथ्याला, चोपडा तालुक्यातल्या एका गावात आली, तेव्हा गल्लीतला पहिला टीव्ही तिच्या सासरी होता. रविवारी सकाळी हिंदीतलं ‘ध्रुवयान’ लागलं की अर्धी गल्ली ओसरीत येऊन बसायची. पण सासरा ओसरीत, जेठ ओसरीत. त्यांच्यासमोर नव्या सुनेनं बाहेर यायचं नाही, असा त्या घरचा कायदा. पोरीबाळी बसायच्या, शेजारच्या म्हाताऱ्या बसायच्या, घरच्या सुनेनं मात्र आत चहाचं आधण ठेवायचं आणि कप भरून ताट उंबऱ्याशी नणंदेच्या हातात द्यायचं. भिंतीपलीकडून यानाची घरघर यायची, पुरुषांचं हिंदी बोलणं यायचं, मग एखादा स्फोट, आणि चाळीस माणसं एकदम श्वास ओढायची. काय झालं ते तिला कळायचं नाही. जीव नुसता तळमळायचा.

दुपारी ती भाकरी घेऊन केळीच्या बागेत जायची. तिचा नवरा रतिलाल तिथे पाणी भरत असायचा. पहिल्याच रविवारी तिनं भाकरी सोडायच्या आधी विचारलं, काय दाखवलं म्हणून. रतिलालनं सांगितलं, पाच गडी यानात बसून लांबच्या ताऱ्याकडे निघालेत. ती ऐकत राहिली, आणि मग म्हणाली, ‘त्यामा बाई कोनी नही का?’

रतिलालच्या तोंडात घास होता. तो त्यानं सावकाश चावला, वर पाणी प्यायला आणि म्हणाला, ‘शे ना. एक शे.’

‘तिनं नाव काय शे?’

‘चंद्रकला.’

तिथून सव्वीस रविवार चंद्रकलेनं ते यान चालवलं. यंत्र बिघडलं की पाची गडी एकमेकांची तोंडं बघत बसायचे, आणि ही बाई पाना घेऊन खाली शिरायची. हवा संपत आली तेव्हा गळती तिनंच शोधली. बेबाबाईनं एकदा हटकलंही, की मला आतून बाईचा आवाज कधी ऐकू येत नाही. रतिलाल म्हणाला, तिच्या डोक्यावर काचेचा टोप असतो, त्यातून आवाज बाहेर कसा येईल? पुढच्या एका भागात चंद्रकलेनं यानातच ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर थापली. ‘जाय, काहीबी सांगतस,’ असं म्हणत बेबाबाई पदर तोंडाला लावून हसली होती. भाकर त्यानं पदरची घातलीय हे तिनं तेव्हाच ओळखलं. आणि एवढं आपण ओळखतो, म्हणजे बाकीचं सगळं खरंच असणार, असं धरून ती चालली.

त्या वेळी ललित पोटात होता. बेबाबाईची थोरली बहीण पहिल्या बाळंतपणात गेलेली. घरात त्याबद्दल कोणी बोलायचं नाही, तीही बोलली नाही. भीती मात्र रोज उशाशी असायची. ती नवऱ्याला एवढंच विचारायची, ‘घर येई ना ती?’ रतिलाल म्हणायचा, येई. शेवटचा भाग लागला तेव्हा ती माहेरी, पहूरला होती, बाळंत होऊन बारा दिवस झालेले. रतिलाल एसटीनं आला, बाळाकडे बघितलं, आणि पाण्याचा तांब्या हातात घ्यायच्या आत म्हणाला, ‘घर उनी ती.’ बेबाबाई रडायला लागली. तिची आई गोंधळली. तिला वाटलं, सासरची कोणी रुसून गेलेली बाई परत आली असावी.

पुढे तीस वर्षं चंद्रकला त्या संसारात राहिली. विहिरीवरची मोटार अडली की रतिलाल म्हणायचा, बोलाव तुझ्या चंद्रकलेला. ललितच्या नोकरीची काळजी लागली, केळीवर करपा आला, बेबाबाईचं डोळ्याचं ऑपरेशन ठरलं, तेव्हाही तेच. सहा वर्षांपूर्वी रतिलाल गेला, आणि ते नाव घेणारं कोणी उरलं नाही. बेबाबाई लेकाकडे जळगावला आली. इथे सगळं सुखाचं होतं. सून चांगली, घर मोकळं. पण दुपारी दोन वाजता तिचा जीव कुठेच लागायचा नाही, कारण ती बागेत भाकरी न्यायची वेळ.

म्हणून ‘ध्रुवयान’ परत येतंय असं ज्योत्स्नानं सांगितलं, तेव्हा बेबाबाईला दोन रात्री झोप आली नाही. तिला त्यातलं बाकी काही नको होतं. यान उतरतं, दार उघडतं आणि चंद्रकला बाहेर येते, एवढं तिला बघायचं होतं. नवऱ्यानं कानात घातलेलं एकदा डोळ्यांनी बघावं, म्हणजे तो अजून कुठेतरी सांगतो आहे असं वाटेल. जुन्या मालिकेच्या टेपा कुठे उरल्या नव्हत्या, असं ज्योत्स्नाच्या वाचनात आलं होतं. आशा होती ती नव्यावरच.

आणि हे लोक म्हणत होते, बाई घुसवली.

‘लिही,’ बेबाबाई सुनेला म्हणाली. ‘बाई पहिल्यापासून होती, तिचं नाव चंद्रकला. तुम्ही तेव्हा जन्मला तरी होतात का, असंही विचार.’

ज्योत्स्नानं लिहिलं. पुढच्या शुक्रवारपर्यंत त्याखाली दोनशेवर उत्तरं जमली. ‘काकू, कोणतं ध्रुवयान बघितलंत?’ ‘चंद्रकला ही साडी असते हो.’ ‘आमच्या घरी सव्वीसही भाग बघितलेत, बाईची सावली नव्हती.’ एकानं तर जुन्या वर्तमानपत्राचं कात्रणच टाकलं होतं, त्यात पाच नटांचा फोटो आणि खाली पाच नावं. ज्योत्स्ना ते वरवर सरकवून पुढे जायला लागली.

‘लपवू नको. वाच.’

तिनं पाचही नावं वाचली.

‘छापायचं राहिलं असेल,’ बेबाबाई म्हणाली. ‘बाईचं नाव गाळायला कितीसा वेळ लागतो?’

ज्योत्स्नानं नुसती मान डोलावून फोन बाजूला ठेवला. सासूला तेच जास्त लागलं. सून वाद घालती तर बरं झालं असतं.

‘रुपचंदभाऊंना फोन लाव,’ बेबाबाई म्हणाली.

रुपचंद पाटील म्हणजे रतिलालचा जोडीदार, बागेला बाग लागून. त्या ओसरीत तो दर रविवारी टीव्हीच्या पुढ्यात मांडी ठोकून बसायचा. त्यानं बघितलं नाही असं काही असूच शकत नव्हतं. फोन लागला, तब्येतीची, पावसाची चौकशी झाली. मग बेबाबाईनं विचारलं, ‘भाऊ, ध्रुवयानमा चंद्रकला व्हती ना?’

‘कोन चंद्रकला?’

‘यंत्रवाली. बाई.’

पलीकडे रुपचंदनं आठवून पाहिलं असावं. ‘बाई नही व्हती वहिनी. पाच गडी व्हतात.’

‘अन शेवटे? घर उनात ना त्या?’

‘नही उनात. पाचीबी तठेच ऱ्हायनात. गल्ली रडनी त्या दिन.’

बेबाबाईनं फोन कानापासून लांब धरला. रुपचंदला ते काय ठाऊक, तो आपला मोठ्यानं बोलतच राहिला, आणि लांबूनही तिला सगळं ऐकू येत होतं. त्याला आठवत होतं ते वेगळंच. भाग संपला की बाकी सगळे ओसरीत बसून चर्चा करायचे, पण रतिलाल उठून थेट बागेत जायचा. बांधावर निंबाखाली एकटाच बसायचा, पाणी भरायचं सोडून द्यायचा. कोणी बोलायला गेलं की हाकलायचा: ‘जाय रे, माले इचार करना शे.’ आम्हाला वाटायचं घरात काही बिनसलंय, रुपचंद म्हणाला, कारण भाकरी येईपर्यंत तो गडी तोंडातल्या तोंडात पुटपुटत असायचा.

फोन ठेवल्यावर बेबाबाई स्वयंपाकघरात गेली आणि धुतलेली भांडी पुन्हा धुतली. दोन दिवस ती रतिलालच्या फोटोकडे वळली नाही. सकाळचं फूल ज्योत्स्नानंच वाहिलं. राग होताच. तीस वर्षं म्हणजे काय थट्टा आहे? मोटार अडल्यावर, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, एकदा तरी खरं सांगायचं. आपण जगासमोर वेड्या ठरलो, दोनशे माणसं हसली.

तिसऱ्या दिवशी दुपारी दोनला राग सरला, आणि मागे जे उरलं ते रागाहून फार वाईट होतं. रविवारमागून रविवार तो माणूस पाणी भरायचं सोडून निंबाखाली बसला होता. ओसरीत बसून जे सगळ्यांना मिळत होतं, ते तिला मिळत नव्हतं म्हणून. सगळ्या गल्लीनं एक ध्रुवयान बघितलं आणि तिला एकटीला दुसरं मिळालं. पाची गडी तिथेच राहिल्याचं बघून तो पहूरच्या एसटीत बसला असेल, आणि चार तासांच्या रस्त्यात त्यानं चंद्रकलेला घरी आणलं असेल. बेबाबाईला तो हवा होता. सहा वर्षांत कधी हवा झाला नव्हता इतका हवा होता, समोर बसलेला, घास चावत वेळ काढणारा. ती फोटोसमोर जाऊन बसली आणि पोटभर रडली.

शेवटच्या भागाच्या शुक्रवारी ज्योत्स्नानं भीत भीतच विचारलं, ‘बघायचं का?’

‘लाव,’ बेबाबाई म्हणाली.

नव्या ध्रुवयानात सगळे परत आले. यान समुद्राकाठी उतरलं, दार उघडलं, इरा बाहेर आली. कॅमेरेवाले धावले, मोठे मोठे गुच्छ आले, गर्दीतून एक उंच देखणा नवरा पळत आला आणि तिला मिठी मारली. वाद्यं वाजत राहिली. छान केलं होतं, त्यात खोट काढायला जागा नव्हती. बेबाबाईनं ते पाहुण्यांच्या घरचं लग्न बघावं तसं बघितलं. खाली लोकांची भांडणं सुरू झाली होती, शेवट बदलला म्हणून शिव्या, शेवट बदलला म्हणून टाळ्या. ज्योत्स्नानं या वेळी काही वाचलं नाही. तिनं टीव्ही बंद केला आणि सासूच्या जवळ सरकून बसली.

‘आई, तुमची चंद्रकला घरी आली, तेव्हा तिच्या घरी कोण होतं?’

बेबाबाईनं सांगायला तोंड उघडलं. मग तिच्या ध्यानात आलं की आपल्याला माहीत नाही. नवरा होता का तिला, आई होती का, पोर होतं का? सव्वीस रविवार ती येईल ना, येईल ना, एवढंच विचारलं. आल्यावर दार कोणी उघडलं ते विचारायचं सुचलंच नाही, आणि नंतरच्या तीस वर्षांतही नाही.

ज्योत्स्नाचा हात सवयीनं फोनकडे गेला, शोधून बघू म्हणून, आणि अर्ध्यावर थांबला.

‘मी विचारलंच नाही ग,’ बेबाबाई म्हणाली. ‘विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं.’