मोकळी पिन

मांडवीतल्या त्या रिपेरिंगवाल्या काकांकडे मी कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी जायचो. मायक्रोकंट्रोलरची, म्हणजे सर्किटमधल्या मुख्य चिपची, पिन सेन्सरविना दिसली की ते खेकसायचे, "मेल्या, मोकळी ठेवू नको! मोकळी पिन हवेतलं काय वाट्टेल ते उचलते नि खोटे आकडे दाखवते. ग्राउंडला जोड आधी, म्हणजे आकडा शून्यावर गप्प बसतो."

दुकानामागच्या खोलीत त्यांची आई अंथरुणाला खिळलेली होती. तिच्या गादीखाली त्यांनी दाबाचा सेन्सर बसवला होता. ती कुशीवर वळली की दुकानाच्या काउंटरवरच्या छोट्या स्क्रीनवरचा आकडा हलायचा आणि काकांचं सोल्डरिंग थांबायचं.

आई गेली. बाराव्यानंतर मी गेलो, तर गादी गुंडाळलेली, सेन्सर काढलेला. आकडे मात्र हलत होते.

"काका, पिन मोकळी राहिलीय. ग्राउंड करू?"

त्यांनी माझा हात बाजूला केला.

"असू दे रे. हलतोय ना आकडा."